गुरुवारचा वास

“या गावात नळ दोनच प्रकारचे,” फोरमन सांगायचे. “एक आमच्या घरातले, आणि दुसरे उरलेल्या गावातले!”

ही बढाई होती हे खरं, पण अगदीच हवेतली नव्हती. गावाचं पाणी इतकं जड, की बादली उचलताना वाटावं, आत आधीच कोणीतरी बसलंय. साबण झिजून कागदासारखा व्हायचा, पण फेस येईल तर शपथ! वाळलेला टॉवेल भिंतीला टेकवून उभा करता यायचा. किटलीच्या आत पांढरे थर चढायचे, चहावर पापुद्रा यायचा आणि नळांच्या तोंडाला पांढऱ्या दाढ्या फुटायच्या. गावच्या न्हाव्याची तर कायमची तक्रार होती, की माझं अर्धं काम हे पाणीच परस्पर उरकून टाकतं.

फक्त फोरमनच्या घरात नळ कसे लखलखीत! शेजारच्या पोस्टमननी एकदा पैज लावून त्यांच्या नळात बघून दाढी केली होती आणि त्यांना कुठेही कापलं नव्हतं.

हे सगळं घडत होतं ते यंत्रामुळे. फोरमन काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली, पण हुद्दा काही त्यांना सोडून गेला नाही. नोकरी संपल्यावर काही महिन्यांनी त्यांनी जुन्या लाऊडस्पीकरमधली लोहचुंबकं काढली, घरात येणाऱ्या पाइपवर तांब्याच्या तारेनं घट्ट आवळली, वरून हिरवा रंग दिला आणि टोकाला एक लाल दिवा बसवला.

“दिवा काय करतो?” पोस्टमननी विचारलं होतं.

“काही नाही. पण दिवा नसला की लोक त्याला यंत्र म्हणत नाहीत.”

“आणि चुंबक?”

“चुंबकातून गेलं की क्षारांची अक्कल ठिकाणावर येते! मग ते कुठे बसत नाहीत. उभ्या उभ्या निघून जातात!”

हळूहळू गल्लीत घरोघरी फोरमनचं यंत्र लागलं. पैसे ते घेत नसत, फक्त कौतुक घेत, आणि तेही उभ्यानं नाही, चांगलं खुर्चीवर बसून, चहाबरोबर. फोरमनीणबाई चहा आणून द्यायच्या, नवऱ्याचं भाषण पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकायच्या आणि कप उचलून आत जायच्या.

यंत्राला एक खोड मात्र होती. दर गुरुवारी दुपारी फोरमन कामगार सभागृहात पत्ते खेळायला जात. संध्याकाळी परत आले की घरात एक आंबूस वास भरलेला असे.

“कसला गं हा वास?” त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा बाई मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या यंत्राचा असेल.”

झालं! पुढच्या गुरुवारी सभागृहात व्याख्यान. यंत्र आठवडाभर क्षार पोटात साठवतं आणि गुरुवारी बाहेर टाकतं, त्याचा हा वास! पोस्टमन तर टाळी देत म्हणाले, “अहो फोरमन, आमच्याकडेही अगदी गुरुवारीच येतो!” सगळ्या गल्लीची यंत्रं एकाच दिवशी पोट साफ करतात, याचं कुणालाही नवल वाटलं नाही. कारखान्यातली माणसं. पाळी ठरलेली असली की त्यांना बरं वाटतं.

नवरा-बायकोत त्या घरात भांडण म्हणावं असं एकच होतं, ते मोज्यांचं.

“पुन्हा एकच! जोडीतला दुसरा कुठे गेला? तू मोजे धुतेस की खातेस?”

“पाणी जड आहे हो,” बाई म्हणायच्या. “एखादा बुडतो.”

मग एका सकाळी फोरमनीणबाई उठल्या नाहीत. किटलीचा आवाज आला की उठू, म्हणून फोरमन अंथरुणात पडून राहिले, आणि किटलीचा आवाज आलाच नाही. झोपेतच गेल्या म्हणे. लोक म्हणाले, काही त्रास झाला नाही, हे एक बरं झालं. ज्यांना त्रास झाला ते फोरमन त्यावर काय बोलणार?

पहिले काही आठवडे त्यांना काही दिसतच नव्हतं. मग एक दिवस आंघोळीला उभे राहिले, तर शॉवरमधून तीन धारा निघाल्या. एक छताकडे, एक दाराकडे आणि एक नेमकी त्यांच्या डाव्या डोळ्यात! त्यांनी डोळा पुसला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. शॉवरच्या भोकांत पांढरे खडे बसले होते. नळाला दाढी आली होती. किटली खोकत होती. टॉवेल उभा होता.

घरातलं माणूस गेलं आणि यंत्रानंही हाय खाल्ली, असं त्यांना वाटलं. त्यांना यंत्राचा रागसुद्धा आला नाही. उलट त्यांनी बाहेर जाऊन त्याच्या हिरव्या पाठीवर हात फिरवला.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. ती दूरच्या मोठ्या शहरात राहायची.

“बाबा, खरं सांगा. घर चालतंय का?”

“घर यंत्रावर चालतं. मी नुसती देखरेख करतो.”

“मी शुक्रवारी येतेय, बघते. सगळं नीट असलं तर पुन्हा हा विषय काढणार नाही. पण नसलं, तर बॅग मी भरणार आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. कायमचं.”

“आणि हे घर?”

“कुलूप लावू. बाबा, मला तिकडे झोप लागत नाही हो.”

फोन ठेवला आणि फोरमन स्वयंपाकघरात जाऊन बसले. खिडकीपाशी बाईंचं स्टूल होतं. खुंटीवर त्यांचा एप्रन होता, खिशात हात पुसायचं फडकं तसंच. या घराला कुलूप लावायचं म्हणजे तिला आत एकटीला ठेवून जायचं, असंच त्यांच्या मनात आलं. ते काही पटणारं नव्हतं. तेव्हा यंत्र दुरुस्त व्हायलाच हवं होतं!

फोरमननी निदान केलं: चुंबक थकलं. औषध: आणखी चुंबक! त्यांनी सगळ्या कपाटांच्या दारांची चुंबकं उपटली. त्यानं पाण्यात काही फरक पडला नाही, पण कपाटांची दारं उघडी राहायला लागली आणि येता-जाता त्यांना कोपरखळ्या मारायला लागली. मग फ्रिजच्या दारातली चुंबकपट्टी ओढून काढली. आता फ्रिजचं दार लागेना, म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवली. मग बसायला खुर्ची उरेना! शेवटी बाईंचा रेडिओ उरला. त्याच्या पोटात चांगलं जाडजूड चुंबक होतं. फोरमननी पेचकस हातात घेतला, एक स्क्रू सैल केला, थोडा वेळ तसेच थांबले आणि स्क्रू परत घट्ट करून टाकला.

मग त्यांनी शॉवरकडे मोर्चा वळवला, हातोडी घेऊन. पहिल्या ठोक्याला काही नाही. दुसऱ्या ठोक्याला एक खडा सुटून आरशावर आपटला. तिसऱ्या ठोक्याला शॉवर मानेतून निसटला आणि पाण्याचा असा लोट आला, की फोरमन थेट बादलीत बसले! आरडाओरडा ऐकून पोस्टमन धावत आले, मुख्य चावी बंद केली, आणि बादलीतून फोरमनना बाहेर ओढलं.

“काय चाललंय काय?”

“तपासणी,” फोरमन म्हणाले. नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. “तुमचं यंत्र कसं आहे?”

“फर्स्ट क्लास! गेल्या गुरुवारी तर असा वास सुटला होता, की माझ्या डोळ्यांना पाणी आलं! का हो, तुमचं बिघडलं की काय?”

“छे! वेडे की काय तुम्ही?”

पोस्टमन गेले. फोरमन ओल्या कपड्यांतच विचार करत बसले. यंत्र तेच, पाणी तेच, हात त्यांचेच. मग तिकडचं चालतं आणि इकडचं का नाही? काहीतरी करून तिकडचं इकडे आणायला हवं होतं. मागून आणता आलं असतं. पण मागायचं म्हणजे आपलं बंद पडलं हे सांगायचं, आणि ते गल्लीभर होणार. तेव्हा चोरी करायची असं त्यांनी ठरवलं. चोरी तरी कशी म्हणायची? एक नेऊन दुसरं ठेवायचं, ही तर अदलाबदल!

गुरुवारी त्यांनी डोकं दुखतंय असा निरोप सभागृहात धाडला. पोस्टमन खेळायला गेलेले. पोस्टमनवहिनी शिवणकाम करायच्या. गुरुवारी दुपारी त्या शिवलेले कपडे पोचवायला जातात अशी फोरमनची माहिती होती. आता ही माहिती पोस्टमनकडून आलेली, म्हणजे तिच्यावर किती विसंबायचं ते बघा!

शर्ट-बनियनच्या आत, पट्ट्यात खोचून आपलं यंत्र दडवून फोरमन शेजारच्या परसात शिरले. पाइप न्हाणीघराच्या खिडकीखाली होता. ते गुडघ्यांवर बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि पाइपकडे वाकले. आणि त्यांच्या पोटाशी असलेल्या चुंबकांनी पाइपवरच्या चुंबकांना ओळखलं!

खाट्!

दोन यंत्रं एकमेकांना बिलगली, आणि मध्ये फोरमनचा शर्ट, बनियन आणि पट्ट्याचं लोखंडी बक्कल. त्यांनी मागे ओढून पाहिलं, पण शर्ट उचकटेना. बाजूला सरकून पाहिलं, तर पट्टा आणखी आवळला. पाइपला मिठी मारल्याशिवाय श्वास घेता येईना, अशी अवस्था झाली. नाकासमोर लाल दिवा शांतपणे जळत होता. फोरमननी त्या दिवशी स्वतःच्या कामाची मजबुती पहिल्यांदा मनापासून शिव्या देऊन मान्य केली.

तेवढ्यात वास आला. तोच आंबूस वास!

तशाही स्थितीत त्यांना आनंद झाला. यंत्र क्षार टाकतंय, आणि तेही आपल्या नाकाखाली! त्यांनी यंत्राला नाक लावलं. यंत्राला तेलरंगाचा वास येत होता. मग हा वास कुठून येतोय? त्यांनी मान वर केली. वास खिडकीतून येत होता. मान आणखी ताणली, तेव्हा आतला नळ दिसला. नळाच्या तोंडावर एक खाकी मोजा चढवलेला होता आणि मोज्याला वरून दोरी बांधलेली होती.

इतक्यात वहिनींचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. हातांत रबरी हातमोजे, त्यातल्या एका हातात व्हिनेगरचा कॅन.

“अगं बाई! भाऊजी? चक्कर आली का?”

“नाही.”

“मग पाइपला धरून रडताय का?”

“अजून नाही,” फोरमन म्हणाले. “वहिनी, नळाला मोजा का घातलाय?”

वहिनींनी कॅन खाली ठेवला, शिवणाची मोठी कात्री घेऊन बाहेर आल्या आणि आधी त्यांना सोडवायला लागल्या. शर्ट कापताना त्यांचा हात आपसूक नीट, सरळ चालला होता. शर्ट सुटला, बनियन सुटला, पट्टा काढावा लागला. फोरमन एका हातानं पँट धरून मागच्या पायरीवर बसले. वहिनी शेजारच्या पायरीवर.

“ताईंनी शपथ घातली होती मला,” त्या म्हणाल्या. “पण आता कुणासाठी पाळू? भाऊजी, तुमचं यंत्र कधी चाललंच नाही. बसवलंत त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुमच्या घरचे नळ परत पांढरे झाले होते.”

“शक्यच नाही! मी रोज बघत होतो.”

“तुम्ही संध्याकाळी बघायचात. ताई दुपारी व्हिनेगर लावायच्या. मोजा भिजवायचा, नळाला बांधायचा, दोन तासांनी काढायचा. दर गुरुवारी, तुम्ही पत्त्यांना गेलात की. मग तुम्ही आमच्याकडे यंत्र बसवलंत, तशा त्या मागच्या दारानं आल्या आणि मला शिकवून गेल्या. सगळ्या गल्लीला त्यांनीच शिकवलं. जिथे जिथे यंत्र, तिथे तिथे मागून ताई!”

“पण कशासाठी?” फोरमनचा आवाज चढला. “मला सांगायचं सरळ! मी काय लहान मूल होतो?”

“मीही तेच म्हटलं होतं. तर त्या म्हणाल्या, ‘कारखाना बंद झाला तेव्हापासून हे खिडकीशी बसून असतात. जेवायला हाक मारली तर दचकतात. परवा यंत्राचं सांगताना पहिल्यांदा हसले. कारखाना काही मला चालवता येत नाही. निदान यंत्र तरी चालू दे.’”

समोर पाइपवर दोन्ही यंत्रं अजून एकमेकांना चिकटलेली होती आणि मध्ये त्यांच्या शर्टाचा चौकोनी तुकडा.

“ह्यांना मात्र सांगू नका हं,” वहिनी म्हणाल्या. “हे अजून पाहुण्यांना यंत्र दाखवतात.”

जाताना त्यांनी व्हिनेगरचा कॅन त्यांच्या हातात दिला. पँट एका हातात, कॅन दुसऱ्या हातात, अंगात अर्धा शर्ट, अशा थाटात फोरमन घरी आले.

बेसिनखालच्या कपाटात, अगदी मागे, बिस्किटांचा एक मोठा डबा होता. तो त्यांनी शेकडो वेळा पाहिला असेल, पण उघडला कधीच नव्हता. फोरमननी जमिनीवर बसून झाकण काढलं. वास नाकात शिरला. आत मोजे होते. काळे, करडे, तपकिरी, एक रेघांचा, जो हरवला म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. सगळे एकेकटे. सगळे क्षारानं ताठ झालेले, नळांच्या आकाराचे. प्रत्येकाच्या तोंडाशी दोरीची गाठ, सुटायला सोपी अशी, बाई नेहमी मारायच्या तशी.

किती बोललो मी तिला मोज्यांवरून! फोरमनच्या मनात आलं. आणि किती कौतुक घेतलं, पाहुण्यांसमोर पाय पसरून, तिनंच आणलेल्या चहाबरोबर! ती कप उचलायची आणि आत जायची. आत जाऊन हसत असेल का? हसत असेल तर बरं. नुसती दमत असेल, तर मात्र... पुढचा विचार त्यांना झेपला नाही. डबा मांडीवर घेऊन ते रडले. चांगले मोठ्यानं रडले. कपाटाचं दार मध्येच येऊन डोक्याला लागलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

मग उठले. गुरुवार अजून थोडा शिल्लक होता.

मोजे भिजवले, नळांना बांधले. त्यांच्या गाठी बाईंसारख्या येईनात, म्हणून जुन्याच दोऱ्या गाठीसकट चढवल्या. किटलीत व्हिनेगर उकळलं. घरात इतका वास भरला, की मांजरसुद्धा बाहेर जाऊन बसलं. फोरमनना तो वास घ्यावा तितका थोडाच वाटत होता. कित्येक आठवड्यांनी घराला घराचा वास आला होता. मोजे काढले तेव्हा नळ असे चकाकले, की त्यात त्यांना आपलं सुजलेलं नाक स्वच्छ दिसलं. शॉवर जागेवर बसवला, पण डब्यातले मोजे संपले होते. म्हणून पायातला एक काढून त्याला बांधला.

शुक्रवारी मुलगी आली. बॅग दारात ठेवली, बापाला मिठी मारली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं थेट स्वयंपाकघरात. नळ बघितला. किटलीचं झाकण उचलून आत बघितलं. फ्रिजला लावलेली खुर्ची बघितली. मग तिनं हवेत नाक उचललं.

“बाबा, कसला हो हा वास?”

फोरमननी रात्रभर ठरवलं होतं, खरं सांगायचं. आईनं काय केलं ते पोरीला कळायलाच हवं. त्यांनी तोंड उघडलं. पण तिच्या डोळ्यांखालची काळजी दिसली, आणि भलतंच बाहेर पडलं.

“यंत्राचा.”

मुलगी वळून थेट न्हाणीघरात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात एक ओला मोजा होता. फोरमन तो शॉवरवर विसरले होते!

फोरमननी डोळे मिटून घेतले. आता बॅग भरली जाणार.

“बाबा,” ती म्हणाली, “शॉवरला एक मोजा पुरत नाही. मी लहान असताना आई मला खांद्यावर उचलायची आणि वर बांधायला लावायची. दोन लागतात.”

“म्हणजे तुलाही ठाऊक होतं?”

“मलाच काय, गल्लीतल्या सगळ्या बायकांना!” ती रडता रडता हसली. “यंत्र चांगलं चाललंय हो बाबा. दर गुरुवारी मी फोन करून आठवण देत जाईन. राहा तुम्ही इथेच.”

फोरमन फ्रिजची खुर्ची ओढून तिच्यावर बसले, फ्रिजचं दार हळूहळू उघडलं आणि आतला दिवा लागला. मग त्यांनी दुसऱ्या पायातला मोजा काढला आणि मुलीच्या हातात दिला.